मोरावेकचा डावा हात

१

क्लेटन व्हिटलॉकची काचेची पेटी फुटलेली नव्हती. कुलूपही शाबूत होतं. आत निळ्या मखमलीवर जाड प्लास्टिकची चौकट पडून होती, तिचे चारही स्क्रू घट्ट आवळलेले होते, आणि चौकट रिकामी होती.

"कुणीही हॉलबाहेर जाणार नाही!" व्हिटलॉक ओरडला. "दारं लावा!"

कोल्टन फेरी गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये शनिवारी खेळाडूंचे फोटो असलेल्या जुन्या बेसबॉल कार्डांचं प्रदर्शन भरलं होतं. टेबलांमागे विक्रेते, टेबलांपुढे निम्मं गाव. माझ्या दैनिकासाठी मी बातमी करायला आलो होतो आणि ती बातमी सकाळीच मनात लिहून झाली होती. ओहायोतल्या सगळ्यांत मोठ्या जाणकाराने, व्हिटलॉकने, जगात एकुलतं एक असलेलं कार्ड आमच्या गावात मांडलं, एवढंच त्यात लिहायचं होतं. आता ते कार्डच नव्हतं.

दारं अर्मा कोवाल्चिकने लावली. संग्राहक मंडळाची ती अध्यक्ष. तरुणपणी मुलींच्या व्यावसायिक लीगमध्ये चेंडू झेलणारी कॅचर होती, त्यामुळे उजव्या हाताची बोटं चार दिशांना वळलेली. आवाज अजून मैदानावरचाच.

"क्लेटन, ओरडू नकोस. शेवटचं कधी पाहिलंस?"

"माझी कॉफी झाली तेव्हा. मग बाथरूमला गेलो. कोट खुर्चीवर होता, किल्ली कोटाच्या खिशात." त्याने बोट रोखलं. "आणि खुर्चीच्या शेजारी हा बसला होता."

शेजारच्या टेबलावर ऑगी मोरावेक सह्या देत बसला होता. हरवलेल्या कार्डावर फोटो त्याचाच होता.

२

ऑगी मोरावेक उजव्या हाताने चेंडू टाकणारा पिचर. मोठ्या लीगमध्ये टायटन्सकडून तो दीड हंगाम खेळला, मग खांदा गेला. परत येऊन त्याने वडिलांची बेकरी चालवली. अशा माणसाला जग विसरतं. ऑगीला विसरलं नाही, ते त्याच्या छप्पन सालच्या कार्डामुळे.

त्या कार्डावर ऑगीचा ग्लोव्ह उजव्या हातात आहे आणि चेंडू डाव्या. उजव्या हाताचा पिचर डावखुरा दिसतो. व्हिटलॉक तेव्हा शहरातल्या वर्तमानपत्रात स्तंभ लिहायचा. च्युइंगमबरोबर ही कार्डं देणाऱ्या कंपनीने निगेटिव्ह उलटी छापली, असं त्याने लिहिलं. स्तंभाचं शीर्षक होतं 'डार्करूममधला आंधळा'. कंपनीच्या डार्करूममध्ये तेव्हा वेन्सेल डुडा काम करायचा. त्याची नोकरी गेली आणि दुसरी मिळाली नाही. रस्त्यात पोरं त्याच्यापुढे डोळे मिटून चाचपडत चालायची. दोन हिवाळ्यांनी तो नदीत सापडला.

वेन्सेल डुडा ऑगीच्या बायकोचा भाऊ होता.

पुढे व्हिटलॉकने वर्तमानपत्र सोडलं आणि कार्डांच्या किमतींचं पुस्तक काढलं. दर वसंतात त्याची नवी आवृत्ती निघते आणि सगळे विक्रेते ती उशाशी घेऊन झोपतात. त्यात तेहेतीस वर्षं एक ओळ कायम आहे: 'मोरावेक, क्रमांक २१४, निगेटिव्ह उलटी.' यंदाच्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर नवा शोध होता. कंपनीने चूक सुधारून काही कार्डं पुन्हा छापली होती म्हणे, आणि त्यातलं एक व्हिटलॉकला सापडलं होतं. त्यात ऑगी उजव्या हाताचा दिसत होता.

"कसं सापडलं?" सकाळी मी त्याला विचारलं होतं.

तो खुशीत होता. "सेंट कॅसिमिर चर्चच्या जुन्या बाजारात. बुटांच्या खोक्यात! काउंटरवरच्या म्हातारीला म्हटलं, बाई, रद्दी आहे, पण पोरांना खेळायला नेतो. तिने खोकं नुसतं दिलं नाही, वर दोरीही बांधून दिली."

"खरं आहे कशावरून?"

"मागची छपाई, कागद, शाई, सगळं त्या काळचं. जांभळ्या दिव्याखाली धरलं, जराही चमकलं नाही. नवा कागद लगेच चमकतो. तुम्ही फक्त लिहा हो, तपासायला मी आहे ना."

दुपारी एका वस्तुसंग्रहालयाचा माणूस ते पाहायला येणार होता.

३

शेरीफच्या कचेरीतला डेप्युटी हॅस्केल पोचला तेव्हा हॉलमध्ये दोन तट पडले होते. बहुतेकांचं मत ऑगीच्या विरुद्ध होतं, कारण सकाळचं भांडण सगळ्यांनी ऐकलं होतं.

"काय म्हणालात तुम्ही त्यांना, मिस्टर मोरावेक?" हॅस्केलने विचारलं.

"म्हणालो, एक दिवस हे कार्ड तुला चावून खावं लागेल."

"का?"

"कारण सुधारलेलं कार्ड असूच शकत नाही. सुधारायला आधी चूक लागते." ऑगी दमलेल्या आवाजात बोलत होता, पाठ केलेलं म्हणावं तसं. "मी त्या दिवशी गंमत केली होती. टॉमी लाझ आमचा डावखुरा. त्याचा ग्लोव्ह घेतला, उजव्या हातात घातला आणि फोटोला उभा राहिलो. फोटोवाल्याला कळलं नाही. वेन्सेलने जसा आला तसा छापला."

"झालं सुरू!" व्हिटलॉक म्हणाला. "डेप्युटी, तेव्हाही हेच सांगत होता. मेव्हण्याची नोकरी वाचवायला रचलेली गोष्ट. टॉमी लाझ मेला, निगेटिव्ह कंपनीने फेकून दिली, टोपीवरचं अक्षर इंग्रजी टी. आरशातही ते टीच दिसतं. पुरावा म्हणाल तर ह्याची जीभ."

"मी तुझ्या दारात किती वेळा आलो, क्लेटन?"

"आलास. छापलं ते छापलं. मी चूक केली असती तर दुरुस्ती दिली असती. मी केली नाही."

"खिसे दाखवाल?" हॅस्केल ऑगीला म्हणाला.

ऑगीच्या खिशात रुमाल, चष्मा आणि सह्यांची पेनं निघाली. ह्याच्या कोटाच्या अस्तरात काय आहे ते बघा, व्हिटलॉक म्हणाला. हॅस्केलने कोट चाचपला. काही नव्हतं. तरी त्याने कमरेचा हातकड्यांचा पट्टा सरळ केला आणि मला वाटलं, संपलं. सह्या घ्यायला आलेल्या पोरांसमोर म्हाताऱ्याला धरून नेणार.

कॉफीच्या टेबलामागून ऑगीची बायको लुडमिला हे सगळं पाहत होती. बारीक, सरळ पाठीची बाई, तीस वर्षं गावच्या छापखान्यात काम केलेली. तिच्या मांडीवर माझा कोट होता. सकाळी अक्रोडाचा रोल देताना तिला माझं लोंबणारं बटण दिसलं होतं. "काढा तो कोट. वर्तमानपत्रवाले सगळे असेच, धागा तुटेपर्यंत लक्ष जात नाही," म्हणत तिने तो काढून घेतला होता. नवऱ्याचे खिसे उलटे होत असताना ती सुईत दोरा ओवत होती. हात स्थिर होता.

"जरा थांब, पोरा," अर्मा हॅस्केलला म्हणाली. "त्याला नेण्याआधी मला एक सांग. चोर स्क्रू का आवळेल?"

४

हॅस्केलने पेटीकडे पाहिलं. "म्हणजे?"

"कार्ड चौकटीत होतं. चोराने किल्ली मिळवली, पेटी उघडली. चौकट उचलून खिशात टाकायला किती वेळ लागतो? त्याऐवजी ह्या चोराने पेचकस काढला, चार स्क्रू सोडवले, कार्ड घेतलं आणि चार स्क्रू परत आवळले. भर हॉलमध्ये, उभ्याने. आणि कुणाला दिसला नाही?"

"लोक इकडेतिकडे बघत असतील."

"इथले लोक? अरे, इथल्या लोकांचे डोळे त्या पेटीवरून हलत नव्हते. सॉल, तू समोरच होतास."

सॉल फिंकल सगळ्यांत स्वस्त माल विकायचा. डझनभर लांब खोकी, त्यांत साध्या खेळाडूंची कार्डं वर्षवार आणि क्रमांकवार लावलेली, कसलंही वेष्टण नसलेली.

"मला विचारू नकोस, अर्मा. मी संशयित आहे. क्लेटनच्या पुस्तकात माझा उल्लेख 'इतर' असा आहे. सूड घ्यायला एवढं पुरे."

"सॉल!"

"बरं बाई. पेटीला हात लावताना कुणालाच पाहिलं नाही. क्लेटन सोडून. तो तिथे चौकट उघडून भिंग लावून बसला होता. पण त्याचंच कार्ड, त्याचीच पेटी, त्यात बघण्यासारखं काय!"

अर्मा व्हिटलॉककडे वळली.  आपण काय बोललो ते सॉलला बोलल्यावर कळलं.

"मी रोज तपासतो माझं कार्ड," व्हिटलॉक म्हणाला.

"तपासलंस. दिलेल्या कॉफीला हात न लावता तपासलंस," अर्मा म्हणाली. कप अजून त्याच्या टेबलावर होता. भरलेला. वर साय धरली होती. "आणि म्हणतोस, कॉफी झाली तेव्हा शेवटचं पाहिलं."

तेव्हा मला आठवलं. कप नेऊन दिला तो लुडमिलाने. ती पेटीवर वाकली होती आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाली होती. मला फक्त शेवटचा शब्द ऐकू आला होता, 'सदरा'. हातात माझा कोट होता म्हणून मला वाटलं, शिवणकामाबद्दल बोलतेय. पण व्हिटलॉकच्या तोंडातला घास तसाच राहिला होता.

"सॉल," अर्माने विचारलं, "आज तुझ्या खोक्यांशी कोण कोण आलं?"

"पोरं. दोन नन. आणि हो, साक्षात महाराज!" त्याने व्हिटलॉककडे हनुवटी केली. "आजवर एकदाही आले नव्हते. मी म्हटलं, वाट चुकलात का? म्हणाले, जुने दिवस आठवले."

"कुठलं वर्ष चाळत होता?"

सॉलने खोक्यांकडे पाहिलं.

५

अर्मा निघाली तशी गर्दी आपोआप बाजूला झाली.

"कार्ड लपवायला सगळ्यांत चांगली जागा कार्डांत," ती चालता चालता म्हणाली. "सॉलकडे उघडी कार्डं. चौकटीसकट लपवलं तर दिसणार. म्हणून स्क्रू सोडवावे लागले. आवळले सवयीने. आता, हजारो कार्डांत एक कार्ड. घाबरलेला माणूस कुठेही खुपसेल. मग मला संध्याकाळपर्यंत शोधत बसावं लागेल."

छप्पन साल लिहिलेल्या खोक्यापुढे ती थांबली.

"पण आपल्यातला एकही माणूस असा नाही, ज्याचा हात कार्ड चुकीच्या जागी ठेवेल. चाळीस वर्षांची सवय आहे ती. घर जळत असलं तरी आपण क्रम लावू."

वाकड्या बोटांनी तिने कार्डं मागे सारली. दोनशे बारा. दोनशे तेरा. तिने दोन बोटांत एक कार्ड उचललं.

उजव्या हाताचा ऑगी मोरावेक.

हॉलमध्ये कुणीतरी शिट्टी वाजवली. व्हिटलॉकचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता.

"उघडंच ठेवलंस, क्लेटन," अर्मा म्हणाली. "कोपरा दुमडलाय. पोरांनी कार्डाच्या कडेला बोट लावलं तर तू हातावर फटके देतोस. ह्याला साधी पिशवीसुद्धा नाही. असं कार्ड आपण केव्हा ठेवतो? त्याची किंमत शून्य आहे हे कळल्यावर."

"हे... हे कुणीतरी..."

"ऐक. तुला दोनच रस्ते आहेत. कार्ड खरं असेल, तर विमा उतरवलेलं स्वतःचं खरं कार्ड तू लपवलंस आणि डेप्युटीसमोर ऑगीला चोर म्हणालास. मग हॅस्केलला तुझ्याशी बरंच बोलायचंय. किंवा कार्ड खोटं आहे, आज सकाळी तुला ते कळलं, आणि तू घाबरलास. मुखपृष्ठ छापून झालं, दुपारी पाहुणा येणार. नुसतं मागे घेतलं असतंस तर लोकांनी कारण विचारलं असतं. चोरीला गेलेलं कार्ड मात्र कायम खरंच राहतं."

हॅस्केलने पट्ट्यावरचा हात काढला आणि व्हिटलॉकच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"कुठला रस्ता, मिस्टर व्हिटलॉक?"

व्हिटलॉकने हॉलभर नजर फिरवली. सगळे त्याचे ग्राहक. सगळ्यांच्या हातात त्याचं पुस्तक.

"खोटं आहे," तो म्हणाला.

"मागच्या लोकांना ऐकू आलं नाही," सॉल म्हणाला.

"खोटं आहे!"

"कशावरून?" अर्माने विचारलं.

 अर्माने त्याच्याच टेबलावरचं भिंग आणून त्याच्या हातात दिलं. "तू सकाळी जे पाहिलंस ते सांग."

"बटण," व्हिटलॉक पुटपुटला. "ग्लोव्हच्या वर सदऱ्याचं एक बटण दिसतं. खसखशीच्या दाण्याएवढं. ते डाव्या पट्टीवर आहे."

"मग?"

"पुरुषाच्या सदऱ्याला बटणं घालणाऱ्याच्या उजव्या पट्टीवर असतात. डावीकडे बाईच्या. म्हणजे हा फोटो उलटा केलेला आहे."

अर्माने खोक्यातून ऑगीचं जुनं कार्ड काढलं. मूळचं, डावखुरं, सॉलकडे चिल्लरीत मिळणारं. असं कार्ड ह्या हॉलमधल्या प्रत्येकाच्या घरी होतं. "आणि ह्याच्यावर?"

व्हिटलॉकने भिंग लावलं नाही. पाहायची गरज नव्हती.

"उजवीकडे."

"म्हणजे ह्याची निगेटिव्ह?"

"सरळ होती."

 ऑगीने चष्मा काढला होता आणि तो पुसत बसला होता.

"नाव घेऊन सांगा."

हे कॉफीच्या टेबलामागून आलं. लुडमिला उठून उभी होती. व्हिटलॉकने वळून तिच्याकडे पाहिलं, आणि ह्या खेपेला पाहतच राहिला. सकाळी तिच्या हातून कॉफी घेताना त्याने पाहिलं नव्हतं. चर्चच्या बाजारात तिच्या हातून खोकं घेतानाही नाही.

"दोरी," तो म्हणाला. "दोरी तुम्ही बांधून दिलीत."

"नाव," लुडमिला म्हणाली.

"वेन्सेल डुडा." तो म्हणाला. "वेन्सेल डुडाने निगेटिव्ह उलटी छापली नाही. त्याची चूक नव्हती."

"कुणाची होती?"

"माझी."

लुडमिला खाली बसली आणि तिने सुई उचलली.

६

व्हिटलॉक मागच्या दाराने गेला. हॅस्केल त्याच्याबरोबर. पुस्तकं लोकांनी टेबलांवर तशीच टाकली होती. एका पोराने मुखपृष्ठावरच्या ऑगीला पेनाने लांब वेण्या काढल्या.

अर्मा कॉफीपाशी आली, तिच्यामागे मी.

"लुडमिला, मागची बाजू अस्सल आहे. छप्पन सालची. पुढची तेवढी नवी. कंपनीतून मागची बाजू छापलेले, पुढून कोरे राहिलेले वाया गेलेले ताव घरी आणायला डार्करूममधलाच माणूस हवा."

"वेन्सेलच्या पेटीत होते. तो काही टाकायचा नाही. टोमॅटोच्या रोपांची नावंही त्यांच्यावरच लिहायचा."

"आणि पुढची बाजू छापायला छापखान्यातली बाई."

"शाईची सगळ्यांत कटकट झाली," लुडमिला म्हणाली. "जुन्या डब्यांतली खरवडून घ्यावी लागली. बटण मला आधी कुठे दिसलं होतं! वेन्सेल जाऊन वर्षं झाली होती. ऑगीच्या सदऱ्याला इस्त्री करत होते, समोर भिंतीवर ते कार्ड लावलेलं. मी त्या माणसाला लिहिलं, तीन वेळा लिहिलं. उत्तर नाही. मग म्हटलं, आपण सांगून उपयोग नाही. ह्याच्या तोंडूनच यायला हवं. आणि ते यायचं तर ह्याला त्याचीच चूक खायला घालायला हवी. निगेटिव्ह उलटी होती असं मानणारा माणूसच ते कार्ड खरं मानणार होता."

"त्याने खोक्यात पाहिलंच नसतं तर?"

"पोरांनी खेळून फाडलं असतं. मी दुसरं केलं असतं."

"ऑगीला आत टाकणार होते, लुडमिला."

तिचा हात पहिल्यांदा थांबला. "व्हिटलॉक कार्ड लपवेल हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सकाळी कॉफी देताना सदऱ्याचं बटण दाखवलं तेव्हा मला वाटलं, पाहुण्यासमोर गडबडेल. ऑगीचे खिसे उलटे केले तेव्हा मी इथून ओरडणार होते, मीच केलं म्हणून. तेवढ्यात तू स्क्रूबद्दल बोललीस." तिने पुन्हा टाका घातला. "आता सांग डेप्युटीला. मी नाही म्हणणार नाही."

अर्माने अक्रोडाच्या रोलचा तुकडा तोडला. "काय सांगू? तू ते विकलं नाहीस. खरं आहे असंही कुणाला म्हणाली नाहीस. त्याने रद्दी म्हणून मागितलं, तू रद्दी म्हणून दिलंस. मी कॅचर होते बाई. अंपायरने विचारल्याशिवाय बोलायचं नसतं."

ऑगी येऊन बायकोच्या शेजारी बसला. त्याचे डोळे लाल होते. "लुडा, कोण करत असेल गं असलं कार्ड? एवढी मेहनत?"

"कुणास ठाऊक. रिकामटेकडी असतील माणसं," लुडमिला म्हणाली.

मग माझ्याकडे वळली. "तुम्ही छापणार ना?"

"आजच."

"कुठे? दुरुस्त्या तुम्ही आत छापता. हवामानाच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत."

"पहिल्या पानावर."

"वेन्सेलचं आडनाव नीट लिहा. तेव्हा त्या व्हिटलॉकने तेही चुकवलं होतं." तिने दातांनी दोरा तोडला, बटण एकदा जोरात ओढून पाहिलं आणि कोट माझ्या हातात दिला.

"घ्या. घट्ट बसलंय. आता सुटायचं नाही."